पट्टी आमची, हिशेब कुणाकडे?

मार्च महिना आला की तालुक्याच्या गावात एक रिक्षा फिरू लागते. रिक्षावर भोंगा, भोंग्यातून नगरपरिषदेचा पुकारा : 'थकबाकीदारांनी आपली घरपट्टी, पाणीपट्टी त्वरित भरावी, अन्यथा नळजोड तोडण्यात येईल, मालमत्ता जप्त करण्यात येईल.' ही रिक्षा बाजारपेठेतून जाते, बंगल्यांच्या सोसायटीतूनही जाते. पण आपल्या वस्तीत आली की तिचा वेग कमी होतो आणि आवाज वाढतो. धुणेभांडी करून आलेली आपली बाई दारात उभी राहून ऐकते आणि ट्रंकेतल्या पावत्या चाचपून बघते.

गेली कित्येक वर्षे हा पुकारा मी ऐकतो आहे. पण त्याच रिक्षातून 'गेल्या वर्षी तुम्ही भरलेल्या पैशाचे आम्ही काय केले, ते ऐका' असा पुकारा झालेला मी एकदाही ऐकलेला नाही. वसुलीला भोंगा आहे, हिशेबाला तोंड नाही. आजच्या लेखाचा विषय एवढाच आहे.

शिरूर आणि दौंड ही पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडची दोन गावे. एक घोड नदीच्या काठी, दुसरे भीमेच्या. शिरूरला जुनी माणसे अजून 'घोडनदी' म्हणतात. दौंड हे रेल्वेचे जंक्शन. मनमाडकडे, सोलापूरकडे, बारामतीकडे जाणारे रूळ इथे फुटतात. रूळ टाकणारे, इंजिनात कोळसा भरणारे, डबे झाडणारे हात कोणत्या समाजाचे होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी राहिली, दौंड तालुक्यात कुरकुंभची. गावे वाढली, इमारती वाढल्या, कर वाढले. वस्तीत काय वाढले, याचा हिशेब कुणी मांडायचा?

या दोन्ही नगरपरिषदांचा कारभार जवळपास चार वर्षे प्रशासकाच्या हाती होता. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात, आणि राज्यभरच्या स्थानिक संस्था लोकप्रतिनिधींवाचून! शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचे आदेश दिले आणि डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. म्हणजे चार अंदाजपत्रके अशी गेली, की ज्यांवर जनतेने निवडून दिलेल्या एकाही माणसाने सभागृहात तोंड उघडले नाही. ठराव मांडणारा प्रशासक, मंजूर करणाराही प्रशासकच. पट्टी मात्र या चार वर्षांत एक दिवसही थांबली नाही. नळ तोडायला लोकप्रतिनिधी लागत नाही, हिशेब विचारायला लागतो!

आता लोकप्रतिनिधी आले आहेत. पण त्यांना प्रश्न विचारायचे तर आधी आपल्या हातातले बिल आपल्याला वाचता आले पाहिजे. ते बिल एकदा नीट उघडून बघा. त्यात एकच कर नसतो. संकलित कर असतो, वृक्ष कर असतो, शिक्षण कर असतो, कुठे विशेष स्वच्छता कर, कुठे अग्निशमन कर असतो. पाणीपट्टी वेगळी. यातला शिक्षण कर नगरपरिषद वसूल करते, पण तो आहे राज्य सरकारचा. एखाद्या वस्तीत झाड नाही आणि वृक्ष कर आहे, गटार उघडे आहे आणि स्वच्छता कर आहे. मग तिथल्या माणसाने विचारले पाहिजे, की बाबांनो, माझ्या कराचे झाड लावले कुठे? वेळेत भरले नाही तर दरमहा २ टक्के शास्ती चढते. वर्षाला २४ टक्के! सावकारालाही लाज वाटावी असा हा दर. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या शास्तीत सवलत देण्यासाठी अभय योजनेला मंजुरी दिली. पण अभय योजनेचा लाभ मोठे थकबाकीदार उठवतात. आपला माणूस नळ तुटेल या भीतीने उसनवारी करून आधीच भरून मोकळा झालेला असतो.

आणि आपला माणूस पट्टी का भरतो, हेही समजून घ्या. ज्याच्या नावावर सातबारा नाही, ज्याच्या झोपडीखालची जमीन सरकारची, रेल्वेची नाहीतर गायरानाची आहे, त्याच्यासाठी घरपट्टीची पावती म्हणजे 'मी इथे राहतो' याचा एकमेव लेखी पुरावा. अतिक्रमण नियमित करायचे असो, रमाई आवास योजनेत घर मागायचे असो, पोराचा दाखला काढायचा असो, आधी पावती दाखवा! म्हणून आपल्या आयाबायांनी पावत्या ट्रंकेत साडीच्या घडीखाली जपल्या. कर चुकवणारे म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जाते, त्या समाजाइतका पावत्या जपणारा समाज दुसरा सापडणार नाही.

आता पाणीपट्टीचा न्याय बघा. मीटर नाही तिथे सरसकट पट्टी असते. अर्ध्या इंची नळजोडाला वर्षाला अमुक रुपये, मग तुम्ही कुणीही असा. समजा ही पट्टी वर्षाला २००० रुपये आहे. महिन्याला ८००० कमावणाऱ्या मजुराची ती साडेसात दिवसांची कमाई झाली. ८० हजार कमावणाऱ्याची पाऊण दिवसाची. वर त्या दुसऱ्या माणसाच्या नळाला मोटर आहे, गच्चीवर टाकी आहे, दारात गाडी धुतली जाते. वस्तीतला नळ चढावर शेवटच्या टोकाला. मोटरींनी ओढून उरले तर पाणी येणार. दर सारखा, पाणी वेगळे. कागदावर समता आणि नळाला विषमता! गटारे, दिवे, रस्ते यांचीही तीच तऱ्हा.

बाजारात बसणाऱ्यांचे काय? आठवडी बाजाराची फी वसूल करण्याचा ठेका अनेक नगरपरिषदा देतात. पोत्यावर मेथीच्या चार जुड्या घेऊन बसलेल्या बाईकडून ठेकेदाराचा माणूस पैसे घेतो. पावती देतो का? दिली तर तिच्यावर छापलेली रक्कम आणि घेतलेली रक्कम एकच असते का? पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी हवेत, त्यात अनुसूचित जातींना आणि महिलांना स्थान हवे, असे तो कायदा सांगतो. आपल्या गावात ही समिती आहे का, याची चौकशी आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांनी केली?

काही मित्र म्हणतील, पट्ट्या आणि गटारे हा काय चळवळीचा विषय झाला? त्यांना इतिहासाची आठवण करून द्यावी लागेल.

महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी, शहर सजवण्यासाठी नगरपालिकेच्या तिजोरीतून एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला. सभागृहात बडी बडी मंडळी बसलेली. सगळ्यांचे हात वर झाले, एकट्या जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. मंडईच्या टोलेजंग इमारतीवर पैसा ओतण्यालाही त्यांचा विरोध होता. आज त्याच मंडईला त्यांचे नाव आहे! सार्वजनिक पैसा कुणाचा आणि कुणासाठी, हा प्रश्न आपल्याकडे नगरपालिकेच्या सभागृहात पहिल्यांदा ताठ मानेने विचारणाऱ्यांत आपले महात्मा होते.

आणि महाड! चवदार तळ्याचा संग्राम आपण दर वर्षी २० मार्चला आठवतो. पण त्याच्या मुळाशी काय होते? ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. जे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सार्वजनिक पैशातून बांधल्या वा चालवल्या जातात, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय. 'सार्वजनिक पैशातून' हे शब्द लक्षात ठेवा. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी तळे खुले करण्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. तो अमलात आणायला मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर जावे लागले. आणि त्याच नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला ठराव मागे घेतला! पुढे १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागेपर्यंत दहा वर्षे गेली. मधल्या काळात, १९२६ मध्ये, बोल्यांनी दुसरा ठराव आणला होता : ज्या नगरपालिका हे खुले करणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान बंद करा. नाक कुठे दाबायचे, हे बोल्यांना बरोबर कळले होते!

बाबासाहेब नुसते कायदेपंडित नव्हते. सार्वजनिक वित्त हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा होता. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी पैसा नियमात बसवून खर्च झाला एवढ्याने भागत नाही. तो ज्या कामासाठी मागितला त्याच कामावर इमानाने, शहाणपणाने आणि काटकसरीने खर्च झाला का, ही त्यांची कसोटी. ही कसोटी दिल्लीच्या तिजोरीला लागते, तशी शिरूरच्या आणि दौंडच्या तिजोरीलाही लागते.

आता ही कसोटी लावून बघू. शासनाच्या आदेशांनुसार नगरपरिषदेने आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम मागासवर्गीय व दुर्बल घटकांसाठी, ५ टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ग्रामपंचायतीने मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, जिल्हा परिषदेने २० टक्के. समजा एखाद्या नगरपरिषदेचे स्वतःचे उत्पन्न ४ कोटी आहे. मग २० लाख रुपये दर वर्षी आपल्या माणसांसाठी खर्च झाले पाहिजेत. एखाद्या कारखानदार गावाच्या ग्रामपंचायतीचे उत्पन्न १ कोटी असेल, तर १५ लाख. पाच वर्षांत ७५ लाख! यातून किती पोरींना सायकली, किती मुलांना स्पर्धा परीक्षेची पुस्तके, किती घरांना नळजोड आणि शौचालये मिळतील, हा हिशेब घरी बसून करा. याशिवाय दलित वस्ती सुधारणेचा निधी वेगळा, केंद्राच्या वित्त आयोगाचा निधी वेगळा. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात या निधीचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित होता. म्हणजे पाणी नाही, गटार नाही, याला 'पैसा नाही' हे कारण सरसकट चालणार नाही.

मग हा पैसा जातो कुठे? मार्चअखेर जवळ आली की वस्तीत एकदम लगबग सुरू होते. चांगला रस्ता उखडून पेव्हर ब्लॉक बसतात. समाजमंदिराला पुन्हा रंग लागतो. ज्या चौकात दिवा आहे तिथेच आणखी उंच दिवा उभा राहतो. कधी वस्ती सुधारणेचा रस्ता वस्तीच्या पाटीपासून सुरू होतो आणि कुणाच्या तरी मंगल कार्यालयाच्या फाटकाशी संपतो. कागदावर 'मागासवर्गीय वस्ती', पायाखाली दुसऱ्याचा रस्ता! एका कामाचे तीन तुकडे पाडले की निविदेची कटकट टळते. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते. मागासवर्गीयांचे जाते ते पीठ.

एक अनुभव सांगतो. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण गाव कोणतेही असू शकते. एका नगरपरिषदेत मी ५ टक्के निधीच्या खर्चाची यादी मागायला गेलो. टेबलामागच्या साहेबांनी बसायला सांगितले, चहा मागवला आणि अगदी आपुलकीने विचारले, 'साहेब, आपण कोणत्या गटाचे?' यादी राहिली बाजूला! मी गट सांगितला असता तर त्यांना माझी किंमत कळली असती. कोणाला फोन लावायचा, कोणाकरवी मला गप्प करायचे, हे ठरले असते. मी म्हणालो, 'मी घरपट्टी भरणाऱ्यांच्या गटाचा.' साहेब हसले. यादी मिळायला मला माहितीच्या अधिकारात अपील करावे लागले.

तो प्रश्न त्यांनी विचारला, यात दोष त्यांचा एकट्याचा नाही. आपण त्यांना तो विचारायला शिकवले. एका वस्तीत आपले चार गट, चार फलक, जयंतीच्या चार वर्गण्या. ठेकेदाराने मिरवणुकीला पाच-दहा हजारांची पावती फाडली, की वस्तीच्या गटाराचा प्रश्न पुढच्या जयंतीपर्यंत विसरायचा! कमान मागायला आपण शंभर जण जातो, अंदाजपत्रक मागायला एकही जात नाही. पुतळा हवाच, विहारही हवेच. ते आपले प्रेरणास्थान आहे. पण कमानीखालून वाहणारे सांडपाणी बाबासाहेबांच्या नावाला शोभते का? राखीव जागेवरून निवडून आलेला आपला नगरसेवक सभेत काय बोलला, हे आपण त्याला कधी विचारले का? १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांना राखीव प्रतिनिधित्व मिळाल्याखेरीज पंचायतींच्या हाती सत्ता देऊ नका, अशी भूमिका घेतली. प्रतिनिधित्व मिळाले. त्या खुर्चीवर बसून दुसऱ्याच्या ठरावाला हात वर करण्यासाठी ते मागितलेले नव्हते.

आता ज्यांच्या हातातल्या झाडूवर हे सगळे शहर उभे आहे, त्यांच्याकडे वळू. घनकचऱ्याचे काम बहुतेक ठिकाणी ठेक्यावर गेले. कामगार तेच, जातीही त्याच; फक्त हजेरीपुस्तक ठेकेदाराचे झाले. नगरपरिषद ठेकेदाराला किमान वेतनाच्या हिशेबाने पैसे देते, पण कामगाराच्या हातात किती पडतात? भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का? हातमोजे, गमबूट मिळतात का? हाताने मैला साफ करून घेण्यास १९९३ च्या आणि पुन्हा २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारात मरण पावलेल्यांच्या वारसांना १० लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. माणूस मेल्यावरचा दर वाढला. जिवंत असतानाचा पगार ठेकेदाराच्या मर्जीवर! स्वच्छता कर भरणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न विचारला पाहिजे, कारण त्याच्याच पैशातून हे चालले आहे.

शहराबाहेर पडलो तर ग्रामपंचायतींचे चित्र वेगळे नाही. रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडी, कुरकुंभ या पट्ट्यात कारखाने आहेत आणि कारखान्यांवर कर आहे. कोरेगाव भीमा हे गावही शिरूर तालुक्यातलेच. नदीपलीकडे पेरण्याच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला १ जानेवारीला लाखो बांधव येतात. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः तिथे आले होते. त्या एका दिवसासाठी सरकार रस्ते झाडते, पाण्याचे टँकर लावते, दिवे लावते. चांगली गोष्ट आहे. पण उरलेल्या ३६४ दिवसांत त्याच परिसरातल्या आपल्या वस्त्यांना पाणी आणि दिवा मिळतो का, हे ग्रामसभेत उठून विचारणारा कार्यकर्ता म्हणजे खरा भीमसैनिक!

विरोधी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. लहान नगरपरिषदांची तिजोरी खरोखरच रोडावली आहे. १९९९ मध्ये त्यांची जकात गेली आणि त्या जागी सहायक अनुदान आले. तेव्हापासून त्यांची झोळी मंत्रालयाच्या दारात. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून अठरा विषय त्यांच्याकडे सोपवता येतील असे म्हटले. कामे सरकली, पैसा त्या मानाने सरकला नाही. पुणे-पिंपरीचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येते आणि पाणी शुद्ध करण्याचा भार खालच्या गावांवर पडतो, त्याची भरपाई कोण देणार? म्हणून 'पट्टी बुडवा' असे आम्ही मुळीच सांगत नाही. पट्टी भराच. भरणाऱ्यालाच विचारण्याचा हक्क सर्वांत मोठा असतो. आमचे म्हणणे एवढेच आहे, की तिजोरी लहान असेल तर हिशेब अधिक काटेकोर हवा, आणि कात्री लागणार असेल तर ती आधी स्वागत कमानींना, कारंज्यांना, साहेबांच्या दालनाला लागावी. वस्तीच्या नळाला नव्हे.

मग करायचे काय? फार मोठे काही नाही. आपल्या विहारात पौर्णिमेला आपण जमतोच. वंदना झाल्यावर एक तास द्या. शिकलेली पाच पोरे-पोरी बसवा आणि पाच कागद मिळवा : चालू वर्षाचे अंदाजपत्रक, ५ किंवा १५ टक्के निधीच्या गेल्या पाच वर्षांच्या खर्चाची कामनिहाय यादी, स्थानिक निधी लेखापरीक्षेतले आक्षेप, सफाई ठेक्याचा करारनामा आणि वेतनपत्रक, आणि वस्ती सुधारणेच्या कामांची जागेसह यादी. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तोही लागत नाही. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर नाही आले तर पहिले अपील. कागद हाती आला की वस्तीत फिरा. कागदावरचे काम जागेवर आहे का, पाहा. फोटो काढा, तारीख टाका आणि निवेदन द्या. निवेदनावर कोणत्याही गटाचे नाव नको. खाली एकेका घराचा मालमत्ता क्रमांक लिहा आणि सही करा.

घोड नदी पुढे भीमेला मिळते. शिरूरचे पाणी शेवटी भीमेचेच होते. आपले गट असे कधी एक होतील ते माहीत नाही, पण निदान पावत्या तरी एका फाइलीत लावता येतील. पुढच्या मार्चमध्ये ती रिक्षा वस्तीत येईल तेव्हा तिला हात करून थांबवा. पट्टी भरल्याची पावती दाखवा आणि भोंगेवाल्याला सांगा : 'बाबा, पुकारा ऐकला. आमचा पुकाराही साहेबांना सांग. पट्टी भरली आहे, आता हिशेब आणा!'

जयभीम!